'एक निपाणीकर' यांच्या कमेंटला उत्तर, जरा लांबलंय

मागच्या आठवड्यात तंबाखूच्या नव्या कायद्यावर पोस्ट टाकली होती. कर्नाटकाने २०२५ मध्ये तंबाखू विकत घ्यायचं वय १८ वरून २१ केलं, हुक्का बार बंद केले, सार्वजनिक ठिकाणी ओढल्याचा दंड २०० वरून १००० वर नेला, ते बरं केलं, महाराष्ट्रानेही करावं, एवढंच त्यात होतं, जाता जाता गुटखाबंदीचं वर्षही. त्यावर रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी 'एक निपाणीकर' या नावाने कमेंट आली. ती पूर्ण देतो, उगाच तोडून-मोडून घेतली असं नको व्हायला:

"बेळगावात पगार खाऊन कर्नाटक सरकारची आरती ओवाळणाऱ्यांनी निपाणीला शहाणपण शिकवू नये. ज्याला ओढायची तो ओढणारच, कायद्याने आजवर काय झालंय? बिडी वळणाऱ्या बायकांनी काय खायचं ते पण लिहा एकदा. कर्नाटकात गुटखाबंदी २०१२ ला नाही, २०१३ ला झाली, आधी अभ्यास करा. हेल्मेटची पोस्ट पण अशीच उपदेशाची होती."

बायको म्हणाली सोड की, कशाला नादाला लागतोस. मी दोन दिवस सोडलं पण. तिसऱ्या दिवशी नाही सुटलं.

आधी चूक मान्य करतो म्हणजे तो विषय संपला. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ ला, कर्नाटकात मे २०१३ ला. मी दोन्हीकडे २०१२ लिहिलं. चुकलं. पण गंमत बघा, ही चूक तुमच्यापेक्षा माझ्याच कामाची आहे. त्या दहा महिन्यांत सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, कर्नाटकात, गुटखा कायदेशीर आणि पलीकडे महाराष्ट्रात कागलच्या बाजूला गुन्हा, मग मधल्या काळात पिशव्या कुठून कुठे गेल्या असतील ते निपाणीकरांना मी सांगायला नको. आणि बंदी झाली तरी काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमात खायच्या पदार्थात तंबाखू घालायची नाही असं आहे, तर कंपन्यांनी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घालून शेजारी शेजारी टांगली, गिऱ्हाईक दोन्ही फाडतं, तळहातावर एकत्र करतं आणि तोंडात टाकतं, झाला गुटखा. म्हणूनच मी म्हणत होतो की नियम दोन्हीकडे एकच पाहिजे आणि पळवाट बुजवणारा पाहिजे. आता वयाचं उलटं झालंय, इकडे २१, तिकडे देशाच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे अजून १८. निपाणीचं एकोणीस वर्षांचं पोरगं गाडीला किक मारून कागलला जाईल आणि सिगारेट घेऊन येईल. हे लिहिलं तर आरती?

तर आता त्या आरतीबद्दल.

काय ओ, निपाणीकर म्हणवता, तुम्हाला माहीत असायला पाहिजे की सीमाभागात मराठी माणसाला "कर्नाटक सरकारची आरती ओवाळतो" म्हणणं म्हणजे काय. ही शिवी आहे. तुम्ही ती अशी सहज टाकलीत, जसं पानवाला चुना लावतो. माझा बाप १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात नऊ दिवस तुरुंगात होता. मी तेव्हा तिसरीत. घरी आले तेव्हा दाढी वाढलेली होती आणि माझी धाकटी बहीण त्यांना ओळखेना, रडायला लागली. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, काळी फीत लावून मी शाळेत गेलोय आणि मास्तरांची छडी खाल्लीय. हे मी ब्लॉगवर कधी लिहिलं नाही कारण हे भांडवल करायचं नसतं असं वडील म्हणायचे. आज लिहावं लागतंय, तुमच्या कृपेने.

आणि एक सांगतो, याच वडिलांची गोष्ट. त्यांच्या तोंडावर देवीचे वण होते, डाव्या गालावर जास्त, दाढी करताना वस्तरा तिथे अडायचा आणि रोज थोडं रक्त निघायचं, मग ते तुरटी फिरवायचे. आजीने त्यांना टोचू दिलं नव्हतं. सरकारी माणूस टोचायला गावात आला की बायका पोरांना कणग्यांच्या मागे लपवायच्या, देवीआईचा कोप होईल म्हणून. धाकट्या काकांच्या वेळी आजोबांनी ऐकलं नाही, टोचून घेतलं, काकांचा चेहरा स्वच्छ. एकाच घरात दोन भाऊ, एकाच्या गालावर खड्डे आणि एकाच्या दंडावर एक छोटा डाग.

आता टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो मैदान आहे ते तुम्ही बघितलंच असणार. कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा तिथेच भरायचा, परवानगी मिळाली तर. वडील म्हातारपणी, गुडघे दुखत असताना, माझ्या मोटारसायकलवर मागे बसून तिथे आलेले आहेत. तर त्या मैदानाला व्हॅक्सिन डेपो का म्हणतात? तिथे देवीची लस तयार व्हायची. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हापासूनची जागा ती. वासरांच्या कातडीवर ओरखडे काढून त्यावर लस वाढवायचे आणि तीच पुढे माणसांना टोचायचे. म्हणजे इंग्रज सरकारचं काम. वण असलेला माझा बाप ज्या मैदानावर उभा राहून "बेळगाव, कारवार, निपाणी" अशा घोषणा द्यायचा, त्याच मैदानावर त्याच्या तोंडावरचे वण टाळायचा उपाय तयार होत होता. १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेली म्हणून जाहीर केलं. ज्यांनी टोचून घेतलं ते सगळे इंग्रजांची आरती ओवाळत होते काय? आजोबांनी काकांना टोचलं तेव्हा ते साहेबाचे हुजरे झाले?

सरकार कुठलं हे मी बघत नाही असं नाही, बघतो, सात-बारा कन्नडमध्ये हातात आला की रोज बघतो. पण चांगला नियम कर्नाटकाने केला म्हणून वाईट होत नाही. लोंढ्याच्या जंगलात गोचीड चावताना ती मराठी की कन्नड विचारत नाही.

असो. जास्तच झालं.

दुसरं तुमचं वाक्य, "ज्याला ओढायची तो ओढणारच". हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय आणि बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी वाटतं की आपण काहीतरी नवीन सांगितलं. आकडे घ्या. देशात मोठ्या माणसांपैकी तंबाखू वापरणारे २००९-१० च्या सर्वेक्षणात ३४.६ टक्के होते, २०१६-१७ ला २८.६. आपल्या कर्नाटकात २८.२ वरून २२.८. महाराष्ट्रात ३१.४ वरून २६.६. सात वर्षांत. लोक अचानक शहाणे झाले काय? त्या काळात आणि त्याच्या जरा आधी काय झालं बघा, २००८ च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी, मग गुटखाबंदी, मग २०१६ पासून पाकिटावर ८५ टक्के जागेत ती भयानक चित्रं, आणि जोडीला कर. एकट्या कायद्याने झालं असं मी म्हणत नाही. पण "काय झालंय" असं विचारता तर हे झालंय.

आणि ओढणारा स्वतःच्या मर्जीने ओढतो म्हणता ना? माझा मामा अकराव्या वर्षी ओढायला लागला. मर्जी कसली त्यात. घरात बिड्याच होत्या.

हो, माझी आई बिड्या वळायची. निपाणीत. पगार खाणारा म्हणालात म्हणून सांगतो, मी त्या हजारी, म्हणजे हजार बिड्यांमागे मिळणाऱ्या, मजुरीवर शिकलोय. रात्री टेंभुर्णीची पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे उठून पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने कापायची, शाळेला जायच्या आधी तेवढं काम माझं आणि बहिणीचं. मग दिवसभर आई मांडीवर सूप घेऊन बसायची, चिमूटभर जर्दा, गुंडाळी, टोक नखाने आत दुमडायचं, दोरा. बोटं पिवळी. अंगठ्याचं नख झिजून अर्धं. संध्याकाळी कंत्राटदाराकडे गेलं की तो कट्टे उघडून बघायचा आणि बारीक, सैल, वाकडी अशी छाट बाजूला काढायचा, छाटीचे पैसे नाहीत आणि छाट परत पण नाही. पण घरात वळताना ज्या फाटायच्या त्या सुपाच्या कोपऱ्यात राहायच्या आणि मामा येता जाता त्यातली एक उचलायचा. कोणी काही बोललं नाही. त्याला वाटायचं फुकट आहे.

एक्कावन्नाव्या वर्षी त्याचा खालचा जबडा काढला. भाकरी दुधात कुस्करून, चमच्याने, मान मागे टाकून. एकदा मी समोर जेवायला बसलो होतो, कांदा फोडला बुक्कीने, तो माझ्या कांद्याकडे बघत राहिला. मी ताट घेऊन आत गेलो. पुढचं लिहीत नाही.

तेव्हा मला निपाणी शिकवू नका. निपाणीत तंबाखू म्हणजे काय ते मला वासावरून कळतं. वखारीजवळून गेलं की अजून मला शिंक येते आणि आईची आठवण येते, एकाच वेळी. ६ एप्रिल १९८१ ला पुणे-बंगलोर हायवेवर शरद जोशींच्या आंदोलनात गोळीबार झाला, तंबाखूला भाव मागणारे शेतकरी मारले गेले, त्याच्या गोष्टी आमच्या गल्लीत अजून सांगतात. मी त्या शेतकऱ्यांच्या विरोधात आहे असं जर माझ्या पोस्टमधून तुम्हाला दिसत असेल तर चष्म्याचा नंबर बघून घ्या.

तिसरा मुद्दा, बिडी वळणाऱ्या बायकांनी काय खायचं. त्यावर वेगळी पोस्ट लिहायला पाहिजे, लिहीन. आत्ता एवढंच की हा प्रश्न मला विचारायचा नाही. भारताने २००४ ला तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं, त्याच्या १७ व्या कलमात लिहिलंय की तंबाखूवर पोट असणाऱ्यांना परवडेल असा दुसरा धंदा मिळवून द्यायला सरकारांनी मदत करावी. आणि बिडी कामगारांच्या दवाखान्यांना, पोरांच्या स्कॉलरशिपला बिडीवरच्या ज्या सेसमधून, म्हणजे खास करातून, पैसे जायचे तो सेस २०१७ ला जीएसटी आला तेव्हा रद्द झाला. गंमत म्हणजे त्याच जीएसटीत सिगारेटवर वेगळा सेस लागला, बिडीवर नाही, म्हणजे गरिबाने ओढायची ती स्वस्त ठेवली आणि गरिबाने वळायची तिचा फंड काढून घेतला. यावर रात्री दीड वाजता कोणाला कमेंट केलीत काय? नाही. ते अवघड असतं. माझ्या ब्लॉगवर सोपं असतं.

बरं, या बायका काही त्या धंद्याच्या प्रेमात नाहीत. माझ्या आईने बहिणीला सूप हातात घेऊ दिलं नाही दहावीनंतर. एकदा सुट्टीत हौसेने बसली तर आईने फर्मा उचलून फेकला, अंगणात, आवाज शेजारपर्यंत गेला. हा तिचा तंबाखू नियंत्रण कायदा. आता निपाणीच्या आसपास बघाल तिकडे ऊस झालाय तो काही माझी पोस्ट वाचून झाला नाही, पाणी आलं आणि शेतकऱ्याने हिशोब केला. बायकांच्या हाताला मात्र तसं दुसरं काही आलं नाही, हे खरं आहे. इथे तुमचं वाक्य मला बोचलं, नाही म्हणत नाही. पण ते तुम्ही आरतीच्या मागे लावलंत म्हणून त्याची किंमत गेली.

हेल्मेटच्या पोस्टबद्दल काय बोलायचं. हेल्मेटने जीव जायचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागायचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे लिहिणं उपदेश असेल तर पंचांग पण उपदेशच की. तिथे आक्षेप असेल तर तिथे लिहा. उसाच्या बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीला रात्री हत्तरगीजवळ मागून धडकलेला माझा एक मित्र आहे, त्याच्याशी बोलायचं असेल तर नंबर देतो, मात्र हळू बोलावं लागेल, त्याला शब्द सापडायला वेळ लागतो.

तुमची कमेंट मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. इथे बाकी लोक पण भांडतात, खानापूरचे एक काका तर प्रत्येक पोस्टवर भांडतात, पण ते आधी "नमस्कार" लिहितात आणि खाली नाव लिहितात.

आणि हो, गुटखाबंदीचं वर्ष २०१३ करून टाकलंय. खाली 'दुरुस्ती सुचवल्याबद्दल आभार' असं लिहून तुमचं नाव पण टाकणार होतो, पण ते तुम्ही दिलंच नाही.