दक्षिणेची राज्ये का फुटली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे

अमेरिकेतील यादवी युद्धाचा गुलामगिरीशी संबंध नव्हता, दक्षिणेची राज्ये आपल्या हक्कांसाठी आणि जाचक जकातीला कंटाळून संघराज्यातून बाहेर पडली, आणि लिंकनला गुलामांचे काहीच पडले नव्हते, असा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

‘राज्यांचे हक्क’ हा त्यातला सर्वांत खोटा मुद्दा. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी सर्वांच्या आधी फुटले आणि चारच दिवसांनी त्याने कारणांचा जाहीरनामा काढला. तो मुळातून वाचावा. मेनपासून आयोवापर्यंत उत्तरेकडील १३ राज्यांची नावे घेऊन त्यात तक्रार केली आहे की, पळून आलेले गुलाम मालकाच्या हवाली करण्याचा केंद्राचा कायदा ही राज्ये स्वतःचे कायदे करून निष्फळ ठरवतात. न्यूयॉर्क तर गुलामांना बरोबर घेऊन आपल्या हद्दीतून जाऊही देत नाही. म्हणजे उत्तरेकडील राज्ये आपले हक्क वापरतात, हाच दक्षिणेचा राग होता. पुढे फुटीर राज्यांनी स्वतःची राज्यघटना केली, तेव्हा कोणत्याही घटक राज्यात गुलामांसह ये-जा करण्याचा आणि राहण्याचा हक्क त्यांनी नागरिकांना दिला; त्यांना अडवण्याची मुभा त्या राज्याला उरली नाही. मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. ‘आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी, म्हणजे जगातील सर्वांत मोठ्या भौतिक हितसंबंधाशी, पूर्णपणे एकरूप झालेली आहे,’ असे त्याच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटले आहे.

जकातीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वाढीव जकातीचा कायदा २ मार्च १८६१ रोजी झाला. तोवर सात राज्ये बाहेर पडली होती. साउथ कॅरोलायनाच्या त्या जाहीरनाम्यात आयात जकातीचा उल्लेखही नाही.

लिंकनबद्दलच्या विधानात थोडे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात घालणार नाही, असे त्याने अध्यक्ष म्हणून मार्च १८६१ मध्ये केलेल्या पहिल्या भाषणात सांगितले होते, आणि केंटकी, मेरीलँडसारखी गुलामगिरी असलेली राज्ये संघराज्यातच राहिली. पण उत्तर कशासाठी लढली आणि दक्षिण कशासाठी फुटली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नव्या प्रदेशांत गुलामगिरी पसरू देणार नाही, या भूमिकेवर लिंकन निवडून आला होता, आणि ‘ज्याची मते आणि हेतू गुलामगिरीच्या विरोधी आहेत’ असा माणूस अध्यक्षपदी निवडला गेला, हे साउथ कॅरोलायनाने त्याच जाहीरनाम्यात फुटण्याचे कारण म्हणून नोंदवले आहे.