उभ्याने ऐकणं: ‘एक जुना सवाईकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिलं, कारण रागात लिहीत होते. आज चार दिवसांनी पुन्हा बसले आहे. तुमचं काही म्हणणं मला पटलं आहे, काही अजिबात पटलेलं नाही, आणि एक मुद्दा तर चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. गेल्या महिन्यात मी प्रत्यक्ष ऐकलेल्या सोल (अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) आणि रॉक मैफलींवर लिहिलं होतं. त्यात पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाबद्दल एक वाक्य होतं, ‘सवाईला आपण गाणं पाहुण्यासारखं ऐकतो, सोलच्या मैफलीत घरच्यासारखं.’ त्यावर तुम्ही विचारलंत, चाळीस वर्षं सतरंजीवर बसून गाणं ऐकणाऱ्याला पाहुणा म्हणायचा अधिकार मला कुणी दिला? पुढे लिहिलंत, ‘गाणं ऐकायला दोन कान आणि एक बूड लागतं, पाय लागत नाहीत.’ या गायकांना तयारी लागत नाही, नुसता जोर लागतो, असंही म्हणालात. रविशंकरांची सतार जुळवतानाच टाळ्या पिटणाऱ्या न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांचा दाखला दिलात. कानठळ्या आणि वर धरलेले मोबाइल सोसण्यापेक्षा घरी हेडफोनवर बरं, आणि या सगळ्याशी पुण्याचा काय संबंध, असंही म्हणालात. आणि शेवटी: ‘अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःख पुण्यात तिकीट काढून ऐकणं ही हौस झाली, रसिकता नव्हे.’

आधी ते वाक्य. ते चुकलं. उद्धट होतं म्हणून नव्हे, खोटं होतं म्हणून. नव्वदच्या दशकात, सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हा, तिथे मी स्वतः आईच्या शालीत गुरफटून रात्र रात्र बसले आहे. पहाटेच्या थंडीत भीमसेनजी गायला बसले की मांडवात पेंगणारी माणसंसुद्धा सावरून पुढे सरकायची. तान समेवर येऊन पडली की सगळ्या मांडवातून एकच ‘अहाहा’ उठायचा. हे ऐकणं पाहुण्याचं नव्हतं. बंदिश कुठे वळणार हे ज्याला आधी जाणवतं, सम यायच्या आधी जो श्वास धरून बसतो, तो त्या गाण्याच्या घरातलाच माणूस. मला सांगायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते सांगण्यासाठी तुमच्या ऐकण्याला कमी लेखायचं काही कारण नव्हतं.

सांगायचं होतं ते असं, की सोलमध्ये श्रोत्याचं काम गाण्यातच नेमून दिलेलं असतं. गायक ओळ अर्धी टाकतो, उरलेली अर्धी समोरून यायची असते. ही रीत चर्चमधून आली. सोलगायिका आरिथा फ्रँकलिनचे वडील धर्मोपदेशक होते आणि तिचा गळा चर्चमध्येच घडला. १९७२च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये ती दोन रात्री गायली, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. त्यातले बाकांवरून येणारे हुंकार, तिला पुढे ढकलणारे आवाज, टाळ्या काढून टाका, गाणं लंगडं होईल.

हे आपल्याला परकं आहे असं मला वाटत नाही. वारकरी कीर्तनात बुवा चरण सोडतात आणि मागचे टाळकरी ते उचलतात. विठ्ठलाच्या गजरात तोंड मिटून बसलेल्या माणसाने कीर्तन जास्त नीट ऐकलं, असं आपण कधी म्हणत नाही. आषाढी वारीत पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा भवानी पेठेत, नाना पेठेत जाऊन बघावं. तिथे ऐकणारे आणि गाणारे असे दोन गट पाडून दाखवा. संगीत नाटकातला ‘वन्स मोअर’ तरी दुसरं काय होता? बालगंधर्वांची पदं किती वेळ चालायची हे जेवढं त्यांच्या हातात होतं तेवढंच समोरच्यांच्याही.

रविशंकरांचा तुमचा दाखला खरा आहे. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशच्या निर्वासितांसाठीची मैफल. वाद्यं जुळवून झाली तोच टाळ्या पडल्या, आणि रविशंकर म्हणाले की जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन याहून आवडेल अशी आशा आहे. पण त्याच मंचावर त्याच दिवशी बिली प्रेस्टन गायला. हा लहानपणापासून चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलेला. देवाचंच गाणं गाताना त्याला राहवेना, तो ऑर्गन सोडून उठला आणि मंचभर नाचला. प्रेक्षक बेभान झाले, आणि तिथे ते काहीही चुकत नव्हते. त्याआधी चार वर्षं, १९६७च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या महोत्सवात सोलगायक ओटिस रेडिंगने शनिवारी रात्री मैदान पेटवलं, आणि रविवारी दुपारी त्याच मंचासमोर तेच लोक रविशंकर आणि अल्लारखांना ऐकत बसून राहिले. (ओटिस त्यानंतर सहा महिनेही जगला नाही. डिसेंबरात विमान तळ्यात कोसळलं. वय २६. हे लिहिताना दर वेळी हात थांबतो.) एका परंपरेत अडाणी असलेला श्रोता दुसरीत जाणकार असू शकतो, आणि जी येत नाही ती शिकूही शकतो.

तुमच्या ‘दोन कान आणि एक बूड’ला माझं खरं उत्तर म्हणजे सॅम कुक. गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गात वाढलेला, अतिशय गोड गळ्याचा सोलगायक. १२ जानेवारी १९६३ला मायामीच्या ओव्हरटाउन या काळ्या वस्तीतल्या हार्लेम स्क्वेअर क्लबात त्याची मैफल ध्वनिमुद्रित झाली. कंपनीला ती फार रांगडी वाटली. टेप कपाटात गेली ती १९८५मध्ये बाहेर आली, तेव्हा सॅम कुकला जाऊन वीस वर्षं उलटली होती. १९६४मध्ये तोच माणूस न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबात गायला. जेवणाची टेबलं, उंची पोशाख, बहुतेक श्रोते गोरे. ती तबकडी मात्र त्याच वर्षी निघाली.

या दोन मैफली मी पाठोपाठ किती वेळा ऐकल्या असतील याची गणती नाही. कोपाकबानातलं गाणं सुरेख आहे. सूर कुठे घसरत नाही, शब्द स्वच्छ, टाळ्या बहुतेक गाणं संपल्यावर. तिथले लोक तुम्ही म्हणता तसेच ऐकत होते, कान देऊन, बसून. मायामीत त्याचा आवाज खरखरतो, फाटतो, मध्येच तो हसतो, ओळ सोडून देतो. एका हळव्या जुन्या गाण्यात तो लोकांना सोबत म्हणायला लावतो, समोरून आवाज येऊन मिळतात, आणि क्षणभर गाणं नक्की कुणाचं चाललं आहे ते सांगता येत नाही. गायक एकच. घराण्याच्या भाषेत बोलायचं तर तालीम एकच. फरक पडला तो समोरच्या माणसांमुळे. मायामीचे लोक बसून राहिले असते तर ते गाणं कमी ऐकू आलं असतं असं मी म्हणत नाही. ते गाणं झालंच नसतं.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाचं. एप्रिल २००३मध्ये रोलिंग स्टोन्स हा इंग्लिश रॉक बँड मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मोठ्या भावाबरोबर गेले. आम्ही फार मागे. पडद्यावर काठी ड्रमवर पडलेली आधी दिसायची, आवाज नंतर यायचा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे उभं राहिलं की पाव सेकंदाहून जास्त उशीर. घरी हेडफोनवर हे होत नाही, हे तुमचं म्हणणं अगदी मान्य. पण त्या मागच्या अंधारात एक गोष्ट झाली. सगळं मैदान पुढच्या चौघांकडे बघत होतं, आणि बाजूला उभी राहून साथ करणाऱ्या लिसा फिशरचा आवाज एकदम सुटा होऊन वर गेला. तो रॉकचा आवाज नव्हता, सरळ चर्चमधून आलेला होता. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस आणि मी एकाच क्षणी एकमेकांकडे वळून बघितलं. रॉकच्या आत सोल कुठे राहतो हे मला त्या दिवशी कळलं. दादरहून रात्रीच्या एशियाडने परत येताना भाऊ झोपला, मी खंडाळ्यापर्यंत जागी होते.

माझं ऐकणं खरं बदललं ते मात्र पुण्यातच. कोरेगाव पार्कात एका छोट्या जागी जुनी सोलची गाणी वाजवणारा बँड होता, समोर साठ-सत्तर माणसं. ट्रंपेट वाजवणारा मुलगा पुण्यातल्या ब्रास बँडवाल्यांच्या घरातला, लग्नसराईत वरातीत वाजवणारा. गायिकेने टाळ्या धरायला सांगितल्या आणि आम्ही सगळ्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर धरल्या. स्वाभाविक आहे. आपला हात समेकडे ओढला जातो, वजन पहिल्या मात्रेवर हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. सोलचा ठेका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. तिने बँड थांबवला, हातांनी दाखवलं, पुन्हा सुरू केलं. आम्ही पुन्हा घसरलो. तिसऱ्या वेळी जमलं, आणि जमल्याबरोबर त्या छोट्या खोलीतलं गाणं हलकं झालं, जणू मागे ओढणारं ओझं कुणी उतरवून ठेवलं. टाळी चुकत होती तोवर आम्ही त्या बँडला अडवत होतो. बसून गप्प ऐकलं असतं तर ही चूक मला आयुष्यात कळली नसती. मध्यंतरात मी त्या मुलाला विचारलं, हे वाजवणं वेगळं जातं का. म्हणाला, ‘ताई, वरातीत नाचणाऱ्याच्या पायाकडं बघून वाजवावं लागतं. हितं पण तेच.’

तयारीबद्दल मात्र तुम्ही पूर्ण चुकता आहात. सोलगायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना चुकीबद्दल दंड करायचा. सूर चुकला, बूट चकचकीत नसले, तरी दंड, आणि तोही गाणं चालू असताना बोटांच्या खुणेने. १९६२च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरातल्या त्याच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण करायला कंपनी तयार नव्हती, तेव्हा त्याने स्वतःच्या खिशातून पैसे घातले. त्यात एक संथ गाणं दहा मिनिटांवर चालतं. तो एकेक हाक टाकतो, थांबतो, समोरून किंकाळी येईपर्यंत बँड जिथल्या तिथे तोलून धरतो. हा तोल रियाजाशिवाय येत नाही हे तुम्हाला मी काय सांगावं. आणि तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: १९६५च्या सुमारास याच माणसाने सगळ्या बँडचं वजन दोन-चारवरून उचलून पहिल्या मात्रेवर आणलं. त्यातून फंक हा नवा संगीतप्रकार जन्माला आला. म्हणजे तोही समेवर आला.

कानठळ्यांबद्दल आणि मोबाइलबद्दल वाद नाही. मी कानात बोळे घालून जाते. आमच्याकडच्या मोकळ्या मैदानांवर मी असे कार्यक्रम ऐकले आहेत जिथे खालच्या सुरांचा नुसता चिखल होता आणि गायकाचा एक शब्द पोहोचत नव्हता. समोर दोनशे फोन वर धरलेले असले की मलाही परत जावंसं वाटतं. फोन धरलेला हात टाळी देत नाही.

आता तो मुद्दा, जो डोक्यातून जात नव्हता. मी लेखात सोलला ‘दुःखाचा आवाज’ म्हटलं होतं. तिथे मी आळस केला. मायामीची ती रात्र दुःखाची नाही, उधाणाची आहे. त्याच वर्षी, १९६३च्या ऑक्टोबरमध्ये, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या मोटेलने सॅम कुकला खोली नाकारली, आणि शांतताभंगाबद्दल अटक झाली ती त्यालाच. हे सोसणाऱ्या माणसाने आणि त्याच्या माणसांनी एका खोलीत एवढा आनंद उभा करणं, ही गोष्ट मी ‘दुःख’ या एका शब्दात गुंडाळली. ते दुःख माझं नाही. ते माझं आहे असं मी पुन्हा लिहिणार नाही. इथवर तुमचं बरोबर.

पण ‘पुण्याचा काय संबंध’ हे मी मान्य करणार नाही. गंज पेठेतल्या जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केली, आपले देशबांधवही हा कित्ता घेतील अशी आशा धरून. रेडिओ नव्हता, तबकड्या नव्हत्या, तेव्हा या गावातला एक माणूस समुद्रापलीकडच्या गुलामांच्या गोष्टीत आपली गोष्ट ओळखत होता. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण परक्याचं ऐकून त्याला उत्तर द्यावंसं वाटणं ही आपल्या गावात दीडशे वर्षांची जुनी रीत आहे. तिला हौस म्हणू नका.

मूळ लेखातलं पाहुण्याचं वाक्य आज सकाळी काढलं, ‘दुःखाचा आवाज’ही काढला, आणि कुणाच्या सांगण्यावरून काढला ते खाली नोंदवलं आहे. तुम्ही लिहिलंत, डिसेंबरात सवाईला मुकुंदनगरला या, मग बोलू. येणार आहे. त्याआधी सॅम कुकची मायामीची मैफल एकदा ऐका, हेडफोन न लावता, घरातल्या मोठ्या स्पीकरवर. तुमच्या सतरंजीवर एक जागा धरून ठेवा, आणि भेटल्यावर मला सांगा, कुठल्या गाण्याला उठावंसं वाटलं, की वाटलंच नाही.