चौदा सीसी

गेल्या मे महिन्यात आंबा घाटाच्या चढावर साडूंच्या नव्याकोऱ्या गाडीनं मला मागं टाकलं. जाताना त्यांनी हातही हलवला. माझी १९९७ सालची मारुती झेन तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत होती, एसी बंद, आणि मागच्या सीटवरून आई म्हणत होती, "हळू चालव रे!" याहून हळू म्हणजे उतरून ढकलणं.

त्याच रात्री ठरवलं, इंजिनचं काम काढायचं. साधंसुधं नाही, साडूंना आरशात बघायचं. बजेट साठ हजार.

कोल्हापुरात लोखंडाचा विषय निघाला की पाय आपोआप शिवाजी उद्यमनगरकडं वळतात. तिथल्या वस्तादांनी प्लग काढला, त्याच्यावरची तेलकट काजळी बोटावर घेतली आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"सायब, ही पेट्रोल कमी आणि ऑइल जास्त पितीया."

सोबत भाचा होता. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. तो म्हणाला, "मामा, टर्बो लावू!" सायलेन्सरकडं निघालेल्या गरम हवेवर पंखा फिरतो, तो इंजिनात हवा कोंबतो, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. वस्तादांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छाती पैलवानाची बसवशील बाळा, पण गुडघे ह्यांचंच हाईत न्हवं?" पिस्टन, रॉड, कार्बोरेटर, सगळंच बदलावं लागलं असतं. टर्बो तिथंच वारला.

मग मारुतीच्याच मोठ्या गाडीचं, एस्टीमचं इंजिन बसवायचं. झेनचं ९९३ सीसी, हे १२९८. झेनची ताकद पन्नास अश्वशक्ती, एस्टीमच्या इंजेक्शनवाल्या मॉडेलची पंच्याऐंशी. माझे डोळे पाणावले. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीनशे पाच सीसी जास्त!

"म्हणजे किती?"

"पाव लिटर दूध आणि वर थोडं."

"एवढ्यासाठी साठ हजार? दूध कट्ट्यावर धारोष्ण मिळतंय."

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी कानावरची पेन्सिल काढून हिशेब मांडला. एस्टीमचं जुनं इंजिन बजेटात बसत होतं. पण त्याच्यामागून वरात आली : माउंटिंग, क्लच, रेडिएटर, वायरिंग. शेवटी वस्ताद पेन्सिल थांबवून म्हणाले, "आणि ब्रेक? पळवायला स्वस्त हाय ओ, थांबवायला म्हाग." त्यातून आरसी बुकावरचा इंजिन नंबर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही. म्हणजे आरटीओच्या खेपा आल्या. पेन्सिल लाखाच्या पुढं गेल्यावर मी चहा सांगितला.

उरलं काय, तर आहे त्याच इंजिनला बोअर मारून, म्हणजे सिलिंडर आतून जरा कोरून, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासणं.

"त्यानं सीसी वाढतील ना?" मी आशेनं विचारलं.

भाच्यानं मोबाईलवर गणित केलं. ७२ मिलिमीटरचा सिलिंडर साडेबहात्तर झाला, की चारही सिलिंडर मिळून वाढतात जेमतेम चौदा सीसी. खोकल्याच्या औषधाचं एक बूच.

"मग हेड जरा जास्त घासा की. कॉम्प्रेशन वाढेल."

"घासतो की. मग घाटात टकटक वाजंल, आणि एक दिवस पिस्टनला भोक पडंल. ते बी करून देतो."

त्रेचाळीस हजार झाले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा इंजिन असं चाललं होतं, की सुरू आहे का हे बघायला बॉनेटवर हात ठेवावा लागला. मी चावी घेतली, मनात आंबा घाट, आरशात साडू. वस्ताद खिडकीत वाकले.

"पहिलं हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची न्हाई. रिंगा बसू द्यात."

परवा रंकाळ्यावरून येताना उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकर लावून एक ट्रॅक्टर मागून आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी काटा बघितला, अठ्ठेचाळीस, आणि सरळ बाजूला घेतली.

जाताना त्यानंही हात हलवला.