मनगटात जोर हवा म्हणे!

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, तिसऱ्या वर्षाची मुलं क्लिनिकला लागली की दरवर्षी एक मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे चारदा आला, त्यात एकदा माझ्याच इंटर्नकडून. मजकूर थोडक्यात असा: 'एक्स्ट्रॅक्शन (दात काढणं) म्हणजे ताकद. मनगटात जोर असेल तर दात निघतोच, म्हणून मुलींनी त्या वाटेला जाऊ नये. केस हिस्टरी (पेशंटची विचारपूस) जर्नल भरण्यापुरती. दुखणारा दात पेशंट स्वतःच बोट ठेवून दाखवतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आठ दिवस बंद करून या म्हणावं. दात निघाला की काम संपलं, दात काढण्याचा कोटा भरला.' खाली हसणारे चेहरे. गंमत म्हणून सोडूनही दिलं असतं, पण यातलं एकेक वाक्य मी खुर्चीशेजारी उभं राहून ऐकलेलं आहे.

आधी जोराचं बघू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतू असतात आणि बाहेरचं हाड किंचित फाकतं. तंतू तोडायचे आणि सॉकेट, म्हणजे दात बसलेली हाडातली खोबण, हळूहळू रुंद करायचं, एवढंच काम असतं. म्हणून आधी हिरडी सोडवायची. मग फोर्सेप्सची (दात काढायच्या चिमट्याची) चोच क्राउनवर, म्हणजे दाताच्या दिसणाऱ्या भागावर, न पकडता मुळावर, जितकी खाली जाईल तितकी सरकवायची. पहिला दाब मुळाच्या टोकाकडे. म्हणजे लोक ज्याला 'दात ओढणं' म्हणतात, त्याच्या बरोबर उलट दिशेला! मग गालाच्या बाजूला, आणि थांबायचं. मग आतल्या बाजूला, पुन्हा थांबायचं. वरच्या पुढच्या दाताचं मूळ शंकूसारखं असतं, तो थोडा फिरवलेला चालतो. दोन-तीन मुळांची दाढ तशी फिरवली तर मूळ आतच राहणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. इंटर्नशिपमध्ये वरचा पहिला प्रीमोलर, म्हणजे सुळ्यामागची छोटी दाढ, १४ नंबरची, मी पुढच्या दातासारखाच पिळला. त्याला बहुतेक वेळा दोन मुळं असतात आणि दोन्ही काडीसारखी. कट्ट आवाज आला. सरांनी येऊन टाळूकडचं मूळ काढेपर्यंत पाऊण तास गेला. खुर्चीतले आजोबा तोंडात गॉज धरून मलाच खुणेनं धीर देत होते. माझ्या मनगटात जोर भरपूर होता, त्यानंच तर घात केला.

खरं कसब डाव्या हातात असतं. दाताच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या बोटांना हाड कुठं सैल होतंय ते कळतं. खालच्या दाढेला तोच हात जबडा पेलून धरतो, नाहीतर सगळा ताण कानापुढच्या सांध्यावर येतो. आणि खुर्ची! वरच्या दातासाठी पेशंटचं तोंड आपल्या कोपराच्या वर, खालच्यासाठी कोपराच्या खाली. खालचा उजवा दात असेल तर उजव्या हातानं काम करणाऱ्यानं पेशंटच्या मागं जायचं, बाकीच्या दातांना समोर उजवीकडे. जे मनगटाला दमवतात त्यांची बहुतेक वेळा खुर्चीच चुकलेली असते.

मुलींचा मुद्दा इथंच निकालात निघतो. त्यावर आणखी शाई खर्चायची गरज नाही.

आता 'पेशंट स्वतःच दाखवतो'. पल्पला, म्हणजे दाताच्या आतल्या नसेला, सूज असते तेव्हा पेशंटला नेमका दात अनेकदा सांगताच येत नाही. खालच्या दाढेची कळ वरच्या दातात जाणवते. त्याच्या बोटावर विसंबून फोर्सेप्स उचललात तर चांगला दात हातात येईल आणि संध्याकाळी ठणका होता तिथंच असेल. आरशाच्या दांड्यानं हलकं ठोकून, थंड लावून, एक्स-रे बघूनच दात ठरतो. चालताना, जिना चढताना डावा जबडा दुखतो म्हणणारा माणूस तर कदाचित आपला पेशंटच नसतो. ते दुखणं हृदयाचं असू शकतं, त्याला आधी ईसीजी हवा.

दाताच्या आधी बाकीचं तोंड बघा. पेशंटची स्वतःचीच तीन बोटं उभी आत जातात का? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि दोन बोटंही न जाणारी पंचविशीतली पोरं आमच्या ओपीडीत अजून येतात. गाल आतून पांढुरका, हाताला ताठ लागतो. तो सबम्यूकस फायब्रोसिस. मुळाशी सुपारी, आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. पोरगा आलेला असतो दाढ काढायला. जीभ बाजूला करून तिच्या कडा बघायला अर्धा मिनिट लागतो, तेवढा जर्नल बाजूला ठेवून द्यावा.

गोळ्यांचा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाहीच. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलेल्या माणसाची अ‍ॅस्पिरिन तुम्ही परस्पर बंद केलीत आणि तिथं गुठळी झाली, तर जीव जाऊ शकतो. सॉकेटमधलं रक्त दाबून थांबतं, नाहीतर टाका घालून थांबतं. स्टेंटवर गॉज दाबता येत नाही. साध्या एक्स्ट्रॅक्शनला अ‍ॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट मागवा. गोळी बंद करायची की नाही, हे ज्यांनी ती लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारा.

राहिलं 'काम संपलं'. निघालेल्या दाताची मुळं मोजलीत का? गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट चावायचा, सारखा काढून बघायचा नाही, थुंकायचं नाही, २४ तास खळखळून चूळ नाही, तंबाखू-विडी तर नाहीच, हे पेशंटच्या बायकोलाही सांगितलंत का? सॉकेटमधली रक्ताची गाठ निघून गेली की दोन-तीन दिवसांनी ड्राय सॉकेट (उघडी पडलेली, ठणकणारी खोबण) घेऊन पेशंट परत येतो, आणि ते दुखणं मूळ दाढदुखीला लाजवतं.

मेसेज पाठवणाऱ्या इंटर्नला मी अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या सकाळी त्याच्याकडे ३६, म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, काढायला आहे. खुर्ची तो किती खाली घेतो, ते आधी बघणार आहे.