‘दीडशे रुपयांत तिप्पट बॅटरी’ : पॅक घरी जरूर बांधा, पण असा नको

नाशिकच्या कॉलेजच्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा : ‘पीएसपी किंवा हातातल्या कुठल्याही गेमिंग यंत्राची बॅटरी मेली की जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले दोन सेल काढा, समांतर सोल्डर करा. चार्जिंग सर्किट यंत्रातच असतं, प्रोटेक्शन बोर्ड लागत नाही. तिसरी वायर असेल तर तिथे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. जुने सेल नसतील तर ९८०० एमएएचचे नवे घ्या. दीडशे रुपयांत तिप्पट खेळ.’

मी स्वतः असे पॅक बांधतो, म्हणून ‘घरी बॅटरीला हात लावू नका’ असं सांगायला मी बसलेलो नाही. पण या मेसेजमध्ये जे जे गाळलंय, ते गाळलं तर उरतं ते खिशात ठेवायचं जळाऊ सामान.

तिप्पट खेळाचा हिशेब तेवढा बरोबर आहे. पीएसपी ३००० ची मूळ बॅटरी १२०० एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप), ३.६ व्होल्टची. चांगल्या स्थितीतले २००० एमएएचचे दोन सेल समांतर, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडले तर तिपटीहून जास्तच होतं. पण ते ठेवणार कुठे? लॅपटॉपच्या बॅटरीतल्या या गोल सेलला १८६५० म्हणतात, आणि तो आकडाच सेलचं माप सांगतो : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. त्या पीएसपीची एकूण जाडी १८.६ मिलिमीटर. म्हणजे मागे कुबड काढावं लागणार, नाहीतर चपटा पाऊच सेल शोधावा लागणार. मेसेजमध्ये यावर अवाक्षर नाही.

९८०० एमएएचबद्दल एकच सांगतो. या मापाचा चांगल्यात चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. त्याहून फार मोठा आकडा वेष्टनावर दिसला की ते वेष्टनच खोटं समजा. अस्सल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. सराफ बाजारात ओळखीचा काटा असेल तर वजन करून बघा, खोटे सेल बरेचदा तिथेच उघडे पडतात. वजन बरोबर भरलं म्हणून सेल चांगला ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

लॅपटॉपचे जुने सेल वापरता येतात. सहा सेलच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा एखादी जोडी आधी मरते आणि बाकीच्यांत जीव असतो. पण तो जीव मोजायला लागतो. जो सेल दोन व्होल्टच्या खाली जाऊन महिनोन्‌महिने पडून राहिलाय, त्याच्या आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा सेल चार्ज झालेला दिसला तरी घेऊ नका. बाकीचे ४.२ व्होल्टपर्यंत भरा, दोन आठवडे बाजूला ठेवा आणि मीटर लावा. जो उतरला, तो बाद. समांतर जोडण्याआधी दोघांचा व्होल्टेज सारखा हवा. एक ४.१ वर आणि दुसरा ३.४ वर असेल, तर फरक ०.७ व्होल्टचा. दोघांचा मिळून अंतर्गत रोध ०.१ ओहम धरला, तर जोडल्याक्षणी एकातून दुसऱ्यात ७ अँपिअर धावतात.

सोल्डरिंगचं म्हणाल, तर सोल्डरिंग आयर्नचं टोक ३५० अंशांवर असतं आणि सेलच्या आत प्लस-मायनस वेगळे ठेवणारा पडदा १३० च्या आसपास वितळू लागतो. सेल जोडणारी निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच, म्हणजे क्षणभर मोठा करंट देऊन टाके मारूनच, लावा. ई-बाईकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्यांकडे ते मशीन असतं. नाहीतर आधीच पट्टी लावलेले सेल घ्या आणि पट्टीला सोल्डर करा. प्लसच्या टोकावर इन्सुलेशन कागदाची चकती हवीच, कारण सेलचा सगळा डबा म्हणजे मायनस, आणि मध्ये असतं ते पातळ प्लास्टिक.

‘प्रोटेक्शन बोर्ड लागत नाही’ हे वाक्य वाचून मला खरंच राग आला. यंत्रातलं सर्किट ४.२ व्होल्टवर चार्जिंग थांबवतं, हे मान्य. पण झाकण बसवताना वायर चेपली आणि शॉर्ट झाला, तर ते सर्किट काय करणार? यंत्र परीक्षेपुरतं ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सेल हळूहळू खाली गेला तर? सेलशेजारचा तो चिमुकला बोर्ड नेमका तेव्हा तोडतो : वर ४.३ आणि खाली २.४ व्होल्टच्या आसपास. त्याला पैसे तरी किती पडतात!

आता तिसरी वायर. पीएसपीत तिसरा संपर्क तापमानाचा नाहीच, पॅकमधल्या चिपशी बोलण्याचा आहे. म्हणून मेलेल्या पॅकमधला मूळ बोर्ड जपून काढून नव्या सेलला लावतात. तरीही टक्केवारी चुकीची दिसू शकते, कारण त्या बोर्डाला जुन्याच क्षमतेचा हिशेब ठाऊक असतो. इतर अनेक यंत्रांत मात्र ती वायर थर्मिस्टरची, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणाऱ्या सेन्सरची, असते. १० किलोओहमचा थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहम दाखवतो. त्याच्या जागी ठरावीक रेझिस्टर लावला की यंत्राला कायम २५ अंशच वाटणार. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. कॉलेज रोडला उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून यंत्र काढलं आणि लगेच चार्जिंगला लावलं, की सेल ४५ अंशांच्या वर असतो. चार्जिंगची नेहमीची मर्यादा तीच. अशा वेळी थांबायला सांगणारा थर्मिस्टरच आपण काढून टाकलेला असतो. खरा थर्मिस्टर सेलला चिकटवून टेप मारा, पाच मिनिटांचं काम आहे.

पंचवटीतला एक मुलगा याच मेसेजवरून बांधलेला पॅक घेऊन आला होता. ‘दादा, चालतोय तर खरा, पण गरम होतो,’ म्हणाला. मी दोन्ही सेल वेगळे करून भरून ठेवलेत. एक ४.१८ वर टिकून आहे, दुसरा रोज उतरतोय, आज ३.९१ वर आलाय. शनिवारी तो आला की मीटर त्याच्याच हातात देणार आहे.