अ‍ॅडमिनच्या ‘ह्यांना’ आठळ्या लागतात

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार. वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

कच्च्या फणसाच्या गऱ्यांची भाजी गूगलवर शोधत होते, तर आमच्या आत्याची पोस्ट वर आली! 2009 साली तिने ब्लॉगस्पॉटवर (म्हणजे गूगलच्या ब्लॉगरवरच्या फुकट ब्लॉगवर) लिहिलेली, बरहा या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक अक्षर टाइप करून. फक्त साइट भलत्याचीच. लेखक ‘अ‍ॅडमिन’. फोटो ड्युरियनचा, म्हणजे फणसासारख्या दिसणाऱ्या भलत्याच फळाचा. दर दोन ओळींनी जाहिरात, रमी नाहीतर झटपट कर्ज. आणि मध्येच आत्याचं वाक्य जसंच्या तसं: ‘ह्यांना आठळ्या घातलेलीच लागते.’ अ‍ॅडमिनच्या ह्यांना!

हे आजचं नाही, माहितीये. 2003 मध्ये गूगलने ब्लॉगर विकत घेतलं, त्याच वर्षी अ‍ॅडसेन्स आणलं, म्हणजे आपल्या साइटवर गूगलच्या जाहिराती लावून पैसे कमवायची सोय. जागा फुकट, वर जाहिरातीचे पैसे. चोर येणारच की. 2005 पर्यंत अशा चोरट्या ब्लॉगांना ‘स्प्लॉग’ (स्पॅम अधिक ब्लॉग) असं नावही पडलं होतं. प्रोग्राम लावून ढिगाने ब्लॉग उघडायचे, लोकांच्या आरएसएस फीडमधून (ब्लॉगवरचं नवं लिखाण आपोआप पोचवणाऱ्या यादीतून) मजकूर ओढायचा, जाहिराती डकवायच्या. मराठीच्या वाट्याला तेव्हा फारसं कुणी जात नव्हतं, आपल्यात पैसाच कुठे होता! आता मशीनला मराठी यायला लागलं, आपलाही नंबर लागला.

चाळणी बारीक केली की चांगले ब्लॉगही अडकतात, हे मान्य. 2008 मध्ये ब्लॉगरने खरेखुरे ब्लॉग स्पॅम समजून बंद केले होते. बरं मग? मार्च 2024 मध्ये गूगलने घाऊक मजकूर पाडणाऱ्यांसाठी नियम कडक केले म्हणे. ड्युरियन बघा आणि सांगा.

आत्याला फोन केला. वाटलं, भडकेल. म्हणाली, “अगं, विळीला तेल लावायचं लिहिलंय ना त्याने? मग झालं.”

नव्हतं लिहिलं. नेमकी तीच ओळ गाळलेली, तिथे रमी.

मग मात्र जरा गलबललं. त्या पोस्टखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! कुणी अमेरिकेत डब्यातला फणस आणून करून बघितली होती, कुणी आत्याशी चिकावरून वाद घातला होता. अ‍ॅडमिनने ते काही उचललेलं नाही. त्याला कोण विचारणार, चीक कसा काढायचा?

कॉपीराइटच्या तक्रारीत मजकूर आपलाच आहे असं शपथेवर सांगावं लागतं, म्हणून शनिवारी आत्याकडे बसून फॉर्म भरणार आहे. अ‍ॅडमिन उद्या दुसरी साइट काढेल, काढू दे. तोवर ज्यांचे जुने ब्लॉग आहेत त्यांनी आपलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा, आणि काय सापडतं ते खाली लिहा.