पाळी गेल्यानंतर दिसणारं रक्त म्हणजे ‘साचलेली घाण’ नव्हे

‘रजोनिवृत्तीची सात सत्यं, जी डॉक्टर कधीच सांगणार नाहीत’ हा फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, वर हात जोडल्याची चित्रं मात्र भरपूर. एरवी असलं काही आलं की पुसून टाकावं आणि पुढे जावं. पण जवळच्या एका बाईंना पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर रक्ताचे डाग दिसले आणि हा मजकूर वाचून त्यांनी ते अंगावर काढलं. म्हणून हे उत्तर.

सातही मुद्दे बघू, पण त्याच क्रमाने नाही. पाचवा आधी, कारण बाकीचे सहा बाईला विनाकारण त्रासात ठेवतात, हा जिवावर बेतू शकतो.

पाचवं ‘सत्य’: पाळी बंद झाल्यावर मध्येच रक्त दिसलं तर घाबरू नका, गर्भपिशवीत वर्षानुवर्षं साचलेली घाण शरीर बाहेर टाकतं. डॉक्टरकडे गेलात तर पिशवीच काढतील.

गर्भाशयात असं काही साचून राहत नाही. ती पोकळी फुगलेली नसते, तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. अस्तर वाढतं ते हार्मोनमुळे, आणि दर पाळीला ते गळून जातं. अंडाशयांचं काम थांबलं की अस्तर पातळ होतं. गर्भाशयाचं तोंड चिकटून आत खरंच रक्त अडकलं, तर ते सोनोग्राफीत दिसतं, ओटीपोटात दुखू शकतं आणि त्याचं कारण शोधावंच लागतं.

मग रक्त येतं कुठून? बहुतेक वेळा योनीच्या किंवा गर्भाशयाच्या पातळ, कोरड्या पडलेल्या अस्तरातून. कधी पॉलिपमुळे, म्हणजे अस्तरावर आलेल्या मऊ कोंबामुळे, कधी अस्तर जाड झाल्यामुळे. आणि कधी कॅन्सरमुळे. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या एका मोठ्या आढाव्यातले दोन आकडे इथे पुरेसे आहेत. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या दर १०० बायकांमध्ये सुमारे ९ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. आणि हा कॅन्सर झालेल्या १०० पैकी सुमारे ९० जणींना रक्तस्राव झालेला होता. पहिल्या आकड्यावरून कळतं की हातपाय गाळायचं कारण नाही, ९१ जणींना हा कॅन्सर नसतो. दुसरा सांगतो की हा आजार लपूनछपून येत नाही, स्वतःहून खबर देतो. आणि नेमक्या त्याच खबरेला हा फॉरवर्ड ‘शुद्धी’ म्हणतो.

पाळी थांबल्यावरही अस्तर जाड का होतं? अंडाशयं थांबली तरी चरबीच्या पेशी इतर हार्मोनपासून थोडं इस्ट्रोजेन, म्हणजे अस्तर वाढवणारं हार्मोन, तयार करत राहतात. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र आता नसतं. म्हणून वजन जास्त असलेल्यांना हा धोका अधिक. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन हे औषध घेणाऱ्यांनाही.

शेवटच्या पाळीला सलग १२ महिने पूर्ण झाले की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. त्यानंतरचा एकच तपकिरी डाग किंवा गुलाबी स्राव असला तरी तो मोजायचा. तारीख, रंग, डाग होता की पॅड लागलं, हे लिहून ठेवा. लघवीतून आलं की शौचाच्या जागेतून अशी शंका असेल तर तीही सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, टॅमॉक्सिफेन, कुठलंही हार्मोन चालू असेल तर त्यांची नावं सोबत न्या.

तपासणीत सहसा योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. जास्त असेल तर बायोप्सी: साधारण ३ मिलिमीटरची लवचीक नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत घालून अस्तराचा तुकडा ओढून घेतात. बहुतेकदा भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम. पाळीत येते तशी कळ येते, म्हणून तासभर आधी वेदनाशामक घेऊ का, हे विचारून ठेवा.

गफलती होतात त्या ठरलेल्या जागी. नुसती पोटावरून सोनोग्राफी केली, तर अस्तराचे मिलिमीटर नीट मोजता येत नाहीत. ‘पॅप स्मिअर नॉर्मल आहे’ म्हणून बाई घरी जाते, पण पॅप ही गर्भाशयाच्या तोंडाची चाचणी आहे, आतल्या अस्तराची नाही. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘नमुना अपुरा’ असेल आणि अस्तर जाड असेल, तर तो रिपोर्ट नॉर्मल नव्हे, तपासणी अजून व्हायची आहे. आणि सोनोग्राफीत अस्तर पातळ दिसूनही रक्त पुन्हा पुन्हा येत असेल तर बायोप्सी करावीच लागते, कारण काही कॅन्सर पातळ अस्तरातही होतात. सूट एकच: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन रोज एकत्र घ्यायला नुकतीच सुरुवात केलेली असेल, तर पहिले ३ ते ६ महिने थोडे डाग दिसू शकतात. ते डॉक्टरांना सांगा. त्यापुढे दिसले किंवा खूप गेलं, तर तपासणी.

राहता राहिलं ‘पिशवीच काढतील’. पॉलिप असेल तर दुर्बिणीतून तेवढा पॉलिप काढतात. अस्तर जाड आहे पण पेशी विचित्र नाहीत, तर प्रोजेस्टेरॉनच्या प्रकारातलं औषध, बहुधा हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी कांडी. कॅन्सर निघाला तर मात्र गर्भाशय काढतात, हो. आणि तो गर्भाशयापुरता असतानाच सापडला तर पाच वर्षांनंतर दहापैकी नऊहून अधिक बायका हयात असतात. उशीर केला की हा हिशेब बदलतो.

पहिलं ‘सत्य’: रजोनिवृत्तीच्या त्रासावर हार्मोन घेतले की स्तनाचा कॅन्सर होतोच.

यात अर्धं खरं आहे, ते कबूल करावं लागेल. २००२ साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी हार्मोन टाकून दिले. त्या भागात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. औषध होतं घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं एक कृत्रिम प्रोजेस्टिन, तेही गोळीतून. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाचा कॅन्सर हार्मोन न घेणाऱ्या ३० जणींना, घेणाऱ्या ३८ जणींना. म्हणजे ८ जास्त. वाढ खरी आहे आणि जितकी वर्षं घ्याल तितकी ती वाढते. पण ‘होतोच’?

त्याच चाचणीत गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात तर तो कमी दिसला. पक्षाघाताचा धोका मात्र दोन्ही गटांत वाढला होता, तोही लपवायचं कारण नाही. म्हणूनच आज साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरुवात करणं बरं मानतात. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पॅच किंवा जेलमुळे, नेहमीच्या डोसमध्ये, गोळीसारखा रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्तस्रावाचं कारण कळलेलं नसेल, गुठळ्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल तर हे औषध सहसा देत नाहीत.

गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. रोज १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यातले किमान १२ दिवस २००, झोपताना, कारण गुंगी येते. गुंगी आवडत नाही म्हणून ही गोळी गुपचूप बंद करून नुसतं जेल लावत राहणं ही नेहमीची चूक. तिने अस्तर जाड होतं. पॅच कमरेच्या खाली, कोरड्या आणि क्रीम न लावलेल्या त्वचेवर लावा, जागा बदलत राहा, स्तनावर कधीच नाही. आणि ज्यांची पाळी चाळिशीच्या आतच गेली त्यांना २००२ चे हे आकडे लागूच होत नाहीत. त्यांना काही अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देतात, हाडं आणि हृदय जपायला.

दुसरं: अंगातून वाफा येणं (हॉट फ्लॅश) सहा महिन्यांत आपोआप थांबतं. ‘आपोआप’ ठीक, ‘सहा महिन्यांत’ कुठून आलं? अमेरिकेत बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून झालेल्या एका अभ्यासात, २०१५ साली, वारंवार येणाऱ्या हॉट फ्लॅशचा मध्यम कालावधी ७.४ वर्षं निघाला. पाळी चालू असतानाच ज्यांना सुरू झाले त्यांना तर ११ वर्षांहून जास्त. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग इस्ट्रोजेन घटल्यावर फाजील संवेदनशील होतो, थोडं तापमान वाढलं तरी अंग घाम सोडतं. हार्मोन नको असतील तर दुसरी औषधं आहेत: व्हेन्लाफॅक्सिन, रात्रीचा त्रास जास्त असेल तर गॅबापेन्टिन, नव्यांपैकी फेझोलिनेटंट ४५ मिलिग्रॅम, ज्यासोबत यकृताच्या रक्तचाचण्या कराव्याच लागतात. पॅरोक्सेटिनही चालतं, पण टॅमॉक्सिफेन घेणारीला नको, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं.

तिसरं: एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन) रक्तात तपासल्याशिवाय काही कळत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला नेहमीची लक्षणं असतील तर ही चाचणी लागत नाही. पाळी जाण्याच्या काळात हा आकडा महिन्यागणिक वरखाली होतो. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र तपासणी हवीच. घामासोबत वजन उतरत असेल, छातीत धडधड होत असेल तर आधी थायरॉइड तपासा.

चौथं: पाळी अनियमित झाली की दिवस जात नाहीत. जातात. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर २ वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर १ वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायचं. रजोनिवृत्तीसाठी दिलेले हार्मोन गर्भनिरोधक नसतात, हेही लक्षात असू द्या.

सहावं: वनस्पतीच्या कॅप्सूलला दुष्परिणाम नाहीत. सोयाबीनमधल्या घटकांनी काहींना किंचित आराम पडतो, तेवढं सोडून देऊ. पण ब्लॅक कोहोश या वनस्पतीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या डबीत नेमकं किती काय आहे याची खात्री कोण देणार?

सातवं: योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ वयाची आहे, रोज अँटिसेप्टिकने धुवा. हा सल्ला त्रास वाढवणाराच आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथली आम्लता कमी होते, राखण करणारे जिवाणू घटतात, म्हणून लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. अँटिसेप्टिक उरलेसुरले जिवाणूही मारतं आणि पातळ त्वचा सोलवटून काढतं. बाहेरून साधं पाणी पुरे. संबंधांच्या वेळी वंगण, एरवी आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचं मॉइश्चरायझर. तेवढ्याने भागलं नाही तर योनीत ठेवायची १० मायक्रोग्रॅमची इस्ट्रोजेन गोळी: पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ती नगण्य उतरते, सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. हॉट फ्लॅश ओसरतात, कोरडेपणा उपचाराशिवाय सहसा ओसरत नाही. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून गोळी सोडू नका, पुरता परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. खोक्यातल्या कागदावर पक्षाघात, गुठळ्या असे भयंकर इशारे छापलेले दिसू शकतात. ते पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेनवरच्या अभ्यासांतून आलेले आहेत, एवढ्या बारीक डोसच्या गोळीवर तसा धोका दिसलेला नाही.